साहेबानं सांगितलेला 'बेड'

मंडळी, आज भोरला घरी लेकीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते. चहाला 'मेक', चुकीलाही 'मेक', पण गृहपाठाला 'डू'! ती वैतागली.

शेजारी बसलेले माझे नव्वदीतले आजेसासरे हसायला लागले.

"इंग्रजांच्या काळात माजं वडील भाटघरच्या बंगल्यावर सुतार हुते. पुण्याला निघताना सायेब म्हनला, 'मेक माय बेड.' मेक म्हंजी बनीव, एवढं त्यांना ठावं. सायेब परत येईस्तवर त्यांनी नवा सागवानी पलंग उभा केला."

"साहेब रागावला?" लेकीनं विचारलं.

"लई. त्याला निस्ती गादी-चादर नीट करून पायजे हुती. पन रागारागात त्या पलंगावर आडवा झाला, त्यो दुसऱ्या दिशी दुपारीच उठला. मग वडलांना कुनी काई बोललं न्हाई."

लेकीच्या मते त्या सुतार खापरपणजोबांचाच अर्थ बरोबर. उद्या तिच्या बाईंना मी काय सांगू?