सासूबाईंच्या काकड्या आणि माझे पाच टक्के

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि नाशिकला लागूनच काकडी पिकवणाऱ्या घरची सून आहे. त्यामुळे माझ्या विद्वत्तेची परीक्षा वर्गात कमी आणि मळ्यात जास्त होते.

सासूबाईंचा नियम ठरलेला. प्रत्येक कॅरेटमधल्या दहा काकड्यांची देठाकडची चकती चाखायची आणि एक जरी कडू निघाली तरी अख्खं कॅरेट म्हशींपुढे. माझा जीव तुटायचा. अहो, चांगल्या कॅरेटातही एखादी कडू असतेच! चांगल्याला वाईट ठरवणं ही पहिल्या प्रकारची चूक, आणि ती आमच्याकडे सर्रास चालायची. म्हशी तेवढ्या खूश असायच्या.

मग मी कागद-पेन घेऊन बसले. चाखायच्या दहाच, पण दोन कडू लागल्या तरच कॅरेट बाद. म्हणजे चांगलं कॅरेट उगाच बाद होण्याचा धोका पाच टक्क्यांच्या आत. यालाच सार्थकता पातळी म्हणतात, हेही ऐकवलं.

"पाचच का गं?" त्यांनी विचारलं.

"सगळे तेवढीच धरतात, आई."

वर्गात हे उत्तर खपतं. त्यांना ते पटलं नाही, पण सुनेच्या शिक्षणाचा मान ठेवून त्यांनी नियम बदलला.

महिनाभर म्हशी हिरमुसल्या आणि मी मिरवत होते. मग एका सकाळी फोन आला. फोनवर होतं सासूबाईंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, म्हणजे मेस चालवणाऱ्या एक ताई. त्यांची कोशिंबीर कडू झाली होती, पोरं ताटावरून उठली होती, आणि यापुढे त्यांना आमचा माल नको होता. त्या कॅरेटातली एकच चकती कडू लागली होती, म्हणून मीच ते पास केलं होतं. वाईटाला चांगलं ठरवणं ही दुसरी चूक. तेवढ्याच चकत्यांवर पहिली कमी केली की दुसरी वाढते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं पाच टक्के आपल्या फायद्याचं होतं. तिच्या ताटात काय पडंल, ते कोणी इचारलंच नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पिशवीभर काकड्या घेऊन मेसवर गेलो. ताई हाताची घडी घालून दारात उभ्या. सासूबाईंनी तिथंच बसकण मारली, सुरी काढली आणि त्यांच्यादेखत एकेका काकडीची चकती खायला लागल्या. सात-आठ झाल्यावर एका चकतीला त्यांचं तोंड क्षणभर थांबलं. मग ती त्यांनी शांतपणे गिळली आणि उरलेली काकडी माझ्या हातात दिली.

"ही तू खा. आमच्या सूनबाईला अशी लय आवडती."

ताई माझ्याकडे बघत होत्या. ती कडूजार काकडी मी हसतमुखानं शेवटपर्यंत खाल्ली.

"उद्यापासून पाठवा, मावशी," ताई म्हणाल्या.