साडेसहाचा मिस्ड कॉल

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस मी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत क्वालिटी बघतो, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखंच होतंय...

आम्ही डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो — मी, बायको आणि नऊ वर्षांची रेवा. कंपनीची बस पहाटे पाच चाळीसला. आणि माझी झोप म्हणजे कुंभकर्णाने शिकवणी लावावी अशी! म्हणून सांगलीहून माझे वडील, अण्णा, रोज मिस्ड कॉल द्यायचे. त्यांचे साडेसहा म्हणजे इथले पाच. दोन रिंग, कट. अशी सहा वर्षं गेली. मध्यंतरी ते तापाने पडले आणि माझी दोनदा बस चुकली. वॉर्निंग लेटर हातात आलं.

मग मी स्मार्टवॉच घेतलं. सुट्टीत सांगलीला गेल्यावर अण्णांना तोऱ्यात दाखवलं. "हे मनगटावर थरथरून उठवतं. आता तुम्ही निवांत झोपा."

"बरं," अण्णा म्हणाले. एवढंच.

परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑडिट होतं. मॅनेजरने फोनवर बजावलं होतं, "टाइम पे आना, नहीं तो खलास!" नोकरी गेली की तिघांचाही व्हिसा जातो.

झोपताना अलार्म पाहिला. साडेसहा. सांगलीत अण्णांबरोबर फिरायला जाण्यासाठी लावलेला तोच, फोनमध्येही आणि घड्याळातही. पण 'साडेसहा म्हणजे उठायचं' हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की काही खटकलंच नाही. फोनने मात्र उतरल्याबरोबर दुबईची वेळ घेतली होती.

पहाटे रिंग वाजली. दोनदा. कट. डोळे उघडून पाहिलं तर बरोबर पाच! अलार्मला अजून दीड तास होता. चूक लक्षात आली आणि मी ताडकन उठलो. दारात रेवा डोळे चोळत उभी. "आजोबाज कॉल, राइट? आय हर्ड इट."

धावतपळत बस गाठली. बसमध्ये कॉल लॉग उघडला... त्यात काहीच नव्हतं. मी अण्णांनाच फोन लावला.

"अण्णा, आज मिस्ड कॉल दिलात ना?"

"नाही रे. साडेसहाला तुझा नंबर काढून बसलो होतो खरा. बोट सारखं बटणाकडे जात होतं. मग म्हटलं, तूच नको म्हणालायस..."

शरीराची सवय म्हणाल, स्वप्न म्हणाल. मीही तसं म्हणून पाहिलं. पण मग रेवाने काय ऐकलं? याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

भीती मात्र तेव्हाही वाटली नाही, फार वाईट वाटलं. मला उठवणं हे म्हाताऱ्याचं दिवसातलं पहिलं काम होतं, आणि ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं. पलीकडून अण्णांनी जरा बिचकतच विचारलं,

"मग उद्यापासून देत जाऊ का रे? घड्याळ असू दे तुझं... मी आपला दोनच रिंग देईन."