गुलाबनाना आणि मुका कॉम्प्युटर

गुलाबनाना कॉम्प्युटर चालू करायचे आणि त्याचा पडदा मात्र बंदच ठेवायचे. काळ्याभोर काचेसमोर बसून धडाधड टायपिंग करणारा हा माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, एक बटण राहिलंय." ते हसले. "राहू दे माय. माले कोठे देखनं शे?" तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं.

ही जळगावची, सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. शेतीची अवजारं विकणारी मोठी पेढी होती. नाना तिथे इंग्रजी पत्रं टाइप करायचे आणि मी पाकिटांना तिकिटं लावायचे. माझं माहेर पार कोकणात, शाळा सातवीत सुटलेली, मिस्टरांची नोकरी इकडे म्हणून मी इकडे. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, झालं, आता काढून टाकतात. त्या ऑफिसात माझ्याशी सावकाश बोलणारे नाना एकटेच.

नाना पारोळ्याचे. अंधशाळेत आधी वेताच्या खुर्च्या विणायला शिकले, मग टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. त्यांच्या कॉम्प्युटरला एक डबा जोडलेला होता. पडद्यावर जे उमटेल ते तो नाकातल्या इंग्रजीत बोलून दाखवायचा. नाना त्याला "मना पाहुणा", म्हणजे माझा पाहुणा, म्हणायचे. "सर्दी झालेला शे, पण खोटं बोलत नही."

मग शेठजींनी नवी मशीन आणली. तिच्यात खिडक्यांची, चित्रांची नवी सिस्टीम. पाहुण्याला जोडलं तर तो एकदा खरखरला आणि गप्प झाला. त्याला अक्षरं कळायची, चित्रं नाही. नानांनी तिचा माउस, म्हणजे उंदीर, हातात घेऊन उलटसुलट चाचपला आणि टेबलावर ठेवून दिला. "याला चालवायला डोळे लागतात. दर वेळी दार बदलतात आणि वर म्हणतात, आत या."

शेठजी माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "नाना, पंधरा दिवस घ्या. मग माझ्यासमोर एक पत्र एकट्यानं काढून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाहीतर खाली फोनवर बसा."

वाचून दाखवायला नानांनी मला मागून घेतलं. मी घाबरून खरं ते सांगितलं, की मला एबीसीडी ओळखता येते, शब्द वाचता येत नाही. "मग अक्षरं सांग. शब्द मी करतो," नाना म्हणाले. रोज दुपारी पडदा चालू करून मी एकेक अक्षर सांगायचे, नाना शब्द जुळवायचे, त्याचा अर्थ मला सांगायचे आणि कुठलं बटण किती वेळा दाबलं की कुठे पोचतो ते जाड पुठ्ठ्यावर ब्रेलच्या ठिपक्यांत टोचून ठेवायचे. एका पत्रासाठी सात पुठ्ठे झाले. संध्याकाळी ते कपाळ टेबलावर टेकून बसायचे. "दमलो माय. बठ्ठं, सगळं पुन्हा पहिलीपासून."

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बजावलं, "उद्या तोंड उघडायचं नाही. तू गावाला गेलीस की मी परत आंधळा, असं नको."

शेठजी शेजारी उभे राहिले. मी दाराशी. नानांनी पुठ्ठ्यावर बोट फिरवलं, बटणं मोजली, पत्र लिहिलं, छापायची आज्ञा दिली. प्रिंटर हलला नाही. पडद्यावर एक चौकट आली होती. ती कुठल्याच पुठ्ठ्यावर नव्हती. नाना थांबले. त्यांनी पहिल्यापासून बटणं मोजली, परत थांबले. मानेवर घाम दिसायला लागला. शेठजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रिट्राय! नाना, रिट्राय म्हणतंय!"

नाना वळले. चेहरा उजळला होता. "अक्षरं नाही सांगितलीस. आख्खा शब्द वाचलास!"

मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. "शेठजी, हे पत्र माझं नाही. बाईनं वाचलं."

"अहो, एवढं चालतं नाना."

"आज चालेल. रोज हिला माझ्या पाठीशी उभी कराल? त्यापेक्षा हिलाच बसवा. बटणं येतात हिला. इंग्रजी मी खालून सांगेन."

मी रडायला लागले. "नाना, माझं चुकलं." ते पुठ्ठे गोळा करत होते. "कशाले चुकलं? ज्याला वाचता येतं तो माणूस वाचणारच."

दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीत बसले. पुढची वीस वर्षं माझं घर तिच्यावर चाललं. पण त्या सकाळी ती इतकी उंच वाटली की माझे पायही खाली टेकत नव्हते. टेबलावरचा फोन वाजला. ऑफिसात मला कधी कुणाचा फोन आला नव्हता. भीत भीत उचलला.

"कॉम्प्युटरच्या बाई का?" खालून नाना बोलत होते. त्या आवाजात मी राग शोधत राहिले. आवाज नुसता दमलेला होता.

"दोंडाईच्याचे व्यापारी लाइनवर आहेत. त्यांना पत्र पाहिजे. घे माय, बोल."