टेप माझी, फिल्म नेमाण्णांची

नेमाण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा शाळेत माझा शिवणाचा तास चालू होता. तास पुरा केला, मुलींच्या सुया डब्यात ठेवल्या आणि माधवनगरची बस धरली. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत प्रोजेक्टर झाकून ठेवलेला दिसला आणि पहिला विचार आला तो हा, की आपली फिल्म आता चालणार कशी? ... अशा वेळी असलं मनात येऊ नये म्हणतात. आलं खरं.

कारण ती फिल्म एकट्या माणसाला चालवताच येत नाही. नेमाण्णा लग्नाचे फोटो काढायचे. एका गिऱ्हाइकाकडून त्यांनी जुना आठ मिलिमीटरचा मूव्ही कॅमेरा घेतला आणि गिरणीतले माग, कुंडलची शेतं टिपत सुटले. चित्र मुकं होतं. माझ्याकडे फौजेतल्या भावानं दिलेला टेपरेकॉर्डर होता. त्यांनी आवाज मागितले, मी गोळा करून दिले : मागांची खडखड, पाटाचं पाणी, बांधावरच्या बायकांच्या गप्पा. चित्र एका यंत्रावर, आवाज दुसऱ्यावर. वीज मंदावली की प्रोजेक्टर रेंगाळायचा आणि सेलवरची माझी टेप पुढं निघून जायची. मग त्यांनी बटण फिरवून वेग वाढवायचा, नाहीतर मी टेप क्षणभर थांबवायची. सहा-सात वर्षं आमचं भांडण एकच. "बाई, तुमी पळताय." "आण्णा, तुम्ही रेंगाळताय." त्यांच्या पत्नी पद्माक्का उंबऱ्यात शेंगा फोडत बसायच्या. लोकांना बोलायला जागा राहू नये म्हणून सुरुवातीला बसल्या असतील. पुढं पुढं भांडण ऐकायला बसू लागल्या.

कुंडलला भरदुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही खेळ केला. मध्येच वीज मंदावली. त्यांनी वेग वाढवला, त्याच क्षणी मीही टेप थांबवली. दोघांनी एकदम सावरलं आणि सगळं बिघडलं! पडद्यावर नांगराचे बैल आले, आवाज मात्र अजून मागांचाच. मागून कुणीतरी ओरडलं, "आवं बाई, आमचा बैल गिरणीत लागला व्हय?" सगळी खोली हसली. मी टेप पुढं घ्यायला हात घातला, तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आसूं द्या की. माझा ल्योक सकाळी औत धरतो, दुपारी मागावर हुबा ऱ्हातो. त्येच्या कानात आसंच वाजत आसंल." हसणं थांबलं. अंधारातून नेमाण्णांचा आवाज आला, "बाई, हात लावू नगा." ती चूक आम्ही कायम ठेवली. ठरवून तेवढंच चुकायला शिकलो. ते बरोबर करण्यापेक्षा अवघड होतं.

पुढं एका स्पर्धेचा अर्ज आला. त्यात नावाला एकच ओळ. त्यांनी दाटीवाटीनं दोघांची नावं लिहिली. अर्ज परत आला. मी चिडले. "तुमचं एकट्याचं टाका ना, निदान चार लोक फिल्म बघतील!"

"बैल मी घेतला, माग तुमी घेतला," ते म्हणाले. "कुंडलात जे झालं ते कुणाचं? सांगा, त्येचं नाव टाकतो."

अर्ज पुन्हा गेला नाही. तेव्हा मला तो हट्ट वाटला. पण बाकी सगळीकडे मी 'मदतीला आलेली बाई' होते. या एका माणसानं तसं एकदाही म्हटलं नाही. कलावंत एकत्र का येतात, याचं मोठं उत्तर माझ्याकडे नाही. मला हे मिळालं, एवढं सांगते.

मागच्या महिन्यात टेप पद्माक्कांना देऊन टाकावी म्हणून गेले. त्यांनी घेतली नाही. विचारलं, "दोन्ही एकटीला चालवता येतंय का?"

"नाही."

"मग देऊन काय करू? ऐतवारी येत चला."

त्यांनी प्रोजेक्टरवरचं कापड काढलं. फिल्म बरोबर भरली, बटणावर बोट ठेवलं. दाखवायची गरज पडली नाही. उंबऱ्यातून सगळं पाहिलेलं होतं. पण वेग फार ठेवला. बैल आले आणि गेलेसुद्धा, माझे माग नुसतेच वाजत राहिले.

"अक्का, तुम्ही पळताय," मी म्हटलं.

"तुमीच मागं ऱ्हायलासा," त्या म्हणाल्या, आणि फिल्म मागं गुंडाळायला लागल्या.

येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत. अजून नीट चुकलेलं नाही.