मानाचा नारळ

तारखेला येताना नाखवा मासळीच्या दोन पिशव्या आणायचा. एक माझ्यासाठी, दुसरी सरकारी वकिलासाठी! "अहो, तो आपल्या विरुद्ध उभा राहतो," मी पनवेलच्या कोर्टाबाहेर डोक्याला हात लावून सांगायचो. "म्हून काय झाला सायेब? त्याच्या घरीबी जेवतात ना?" असल्या अशिलापुढे काय बोलणार, कप्पाळ!

मोरा बंदराच्या धक्क्यावरची एक चोरी त्याच्या माथी मारली गेली. ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात गेली आणि मग वरच्या कोर्टाने निर्दोष सोडलं. भरपाईसाठी आम्ही सरकारवर दावा लावला. बुडालेली कमाई दाखवता येत होती, पण नाखव्याला सलत होतं ते वेगळंच. नारळी पौर्णिमेला गावाचा नारळ दर्यात सोडायचा मान त्याच्या घराचा. तो आत गेल्यावर गावच्या पंचांनी तो आपल्यातल्याच एकाला दिला आणि सुटल्यावरही परत केला नाही. गेलेल्या अब्रूचा याहून चांगला पुरावा कुठला? मी पंचांनाच साक्षीला बोलावलं. "नको सायेब, गावाला नको," नाखवा म्हणत राहिला. मी ऐकतोय कशाला!

पहिली साक्ष त्याचीच होती. पंच मागच्या बाकावर माना खाली घालून बसले होते. सरकारी वकिलाने विचारलं, "गावात आता तुम्हाला मान आहे का?"

नाखव्याने एकदा मागे पाहिलं. "हाय. नारलबी मीच सोडतो."

झालं! पंचांना तसंच परत पाठवावं लागलं. बाहेर आल्यावर मी चारचौघांत त्याच्यावर ओरडलो, "घालवलंत सगळं! शपथेवर खोटं बोललात!"

"गाव बसला व्हता ना सायेब," तो हळूच म्हणाला. "त्यानला पोराबालांना तोंड दाखवायचा हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाची अब्रू भरून काढायला मी साऱ्या गावाची काढायला निघालो होतो, आणि वर त्यालाच झापत होतो. पुढच्या तारखेला त्याने नेहमीसारखी पिशवी पुढे केली, तेव्हा हात पुढे करायची लाज वाटली.

कमाईपोटी थोडंफार मिळालं, अब्रूची मागणी फेटाळली गेली. पुढच्या नारळी पौर्णिमेआधीच नाखवा गेला.

त्याचे दिवस झाल्यावर पंच माझ्या ऑफिसात आले. खुर्चीवर कुणी बसेना. शेवटी ज्याच्याकडे नारळ गेला होता तोच बोलला, "सायेब, त्याचा मान आमी घेतला. कोरटात सांगाया आलोय. आता साक्ष दिली तर चालल का?"

"दावा संपला," मी म्हणालो. त्यांच्याकडे बघायची माझीही छाती झाली नाही.