नऊ नावांतलं पहिलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

कर्जतच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवलं. शाली, सत्कार, मानचिन्हं यांची आयुष्यभर टिंगल केली. निवृत्त झालो आणि खोपोलीच्या अलीकडे नव्यानं उभ्या राहिलेल्या एका विद्यापीठातून फोन आला. तपासणी समिती येतेय, विभागात माणसं कमी पडतायत, एक दिवस येऊन बसाल का? गेलो. दारावर माझ्या नावाची पितळी पाटी होती, खाली ‘विभागप्रमुख’. उभ्या हयातीत मला कुणी कशाचा प्रमुख केलं नव्हतं — मी ती पाटी रुमालानं पुसली. समितीनं काजूकतली खाल्ली, आम्ही असे एका दिवसापुरते बसवलेले सगळे घरी आलो. नाव त्यांच्या वेबसाइटवर राहिलं. मी राहू दिलं.

इथवर फार काही बिघडलं नव्हतं, नाही का? निदान मी स्वतःला तसं सांगत आलो.

मग माझी जुनी विद्यार्थिनी सायली घरी आली, सोबत वडील. ते रसायनीच्या एका कारखान्यात कामाला. सायलीला एमएस्सीला मुंबईच्या एका जुन्या विभागात जागा मिळाली होती. हे विद्यापीठ घराजवळ. माहितीपत्रकातल्या हिरवळीकडे तिनं पाहिलंही नव्हतं. शिकवतं कोण, कुणाचं काम कशावर, एवढंच वहीत उतरवलं होतं. विभाग असाच पारखायचा, हे तिला मीच वर्गात सांगितलेलं. वहीत नऊ नावं होती. पहिलं माझं.

"सर, तुमी स्वतः शिकवता ना तिथं?" सायलीनं विचारलं.

काय अवघड होतं? एक ‘नाही’. पण तिचे वडील माझ्याकडे ज्या आदरानं पाहत होते — तो मला हवा होता.

"हो," मी म्हणालो. "विभाग चांगला आहे."

"मग झालं तर," वडील म्हणाले. "सर हायत म्हंजे आमाला काळजी नाय."

तिनं मुंबईची जागा सोडली.

वर्षभरानं ती शिळफाट्यावर भेटली. नऊपैकी तिघंच शिकवतात, प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा उघडते, असं सांगत होती. तक्रारीचा सूर नव्हता. मी माझ्या तब्येतीचं काहीबाही बोलू लागलो. तिनं ते संपू दिलं.

मग म्हणाली, "बाबांना नाय सांगितलं मी. त्यांना वाटतं, तुमी शिकवता."

मी म्हणालो, "बरं केलंस."