पैकूजींची ढील

पैकूजी कोणाशीही बोलताना त्याच्या उपरण्याचे टोक चिमटीत धरीत आणि बोलणे संपेपर्यंत सोडत नसत. सारा जन्म हातमागावर गेलेला. बोटांत वस्त्र असल्याखेरीज त्यांना शब्द सुचत नसावेत. मी तेव्हा नागपुरात एका पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे. पूजेचा माझा रेशमी मुकटा फाटला, तो रफू करून घेण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो. मुकटा माझ्या वडिलांचा होता. पैकूजींनी तो उजेडात धरला, भोकांवरून बोट फिरवले आणि विचारले,

"किती महिन्याचं हाय जी पिल्लू?"

मी कुत्र्याचे नावही काढले नव्हते.

"सुईसारखे टोचे हायेत. दुधाचे दात," ते म्हणाले. "मोठं कुत्रं असतं तं कापडाचा पट्टाच काढला असता."

पिल्लाचे नाव गोप्या. आम्हांला मूलबाळ नव्हते. माझी पत्नी उमा हिने ते गल्लीतून उचलून आणले आणि तेव्हापासून घरात दिवसभर तिचा आवाज ऐकू येऊ लागला. पण गोप्या चावत असे. उमेला मधुमेह होता. हातापायांना जखम होऊ देऊ नका, असे धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावले होते. मी छडी उगारून पाहिली, नाकावर चापट मारून पाहिली; तो दुप्पट उत्साहाने अंगावर येई. अखेर मी निर्णय सांगितला, की दिवाळीपर्यंत हा सुधारला नाही तर काटोलला एका शिष्याच्या संत्र्याच्या बागेत त्याची रवानगी करायची. उमा "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून तिचा आवाज पुन्हा मंदावला.

मुकटा परत द्यायला पैकूजी घरी आले, तोच गोप्याने त्यांचे मनगट पकडले. त्यांनी हात हिसकला नाही. ओल्या कापडासारखा तो त्याच्या तोंडात सैल सोडला, बारीक आवाजात एकदाच कण्हल्यासारखे केले, आणि पकड सुटताच पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गोप्या गोंधळून खाली बसला. तेव्हा कुठे त्यांनी वळून त्याच्या मानेवरून हात फिरवला.

"धागा अडकला तं वढता काय, गुरुजी? वढला का तुटला. ढील द्या. थोच सोडते."

"परंतु त्याला काही शासन नको?"

"कायचं शासन? त्याले हात कुठी हायेत? जे धराचं थे तोंडानंच. तुमी मुकटा वढता अन् दूर पयता. त्याले वाटते, गुरुजी खेळून राहिले."

दाराआड उमा हसली. कितीतरी दिवसांनी.

जाताना माझे उपरणे धरून त्यांनी मला वचनात बांधूनच घेतले. "घरात एकानं ढील देली अन् दुसऱ्यानं वढलं, तं त्यानं कोणाचं आयकाव? या घरच्या मायचं होऊन जाईन. तुमचंच कठीण हाय."

ते खरेच होते. दात लागताच निश्चल होणे आणि न रागावता पाठ फिरवणे मला कोणत्याही व्रताहून अवघड गेले. पैकूजी रोज सकाळी बाजाराच्या वाटेवर डोकावत. मागावरच्या उरल्यासुरल्या सुताची जाड गाठ त्यांनी गोप्याला चघळायला आणून दिली होती. उमेने हात पुढे केला की ते तिला थांबवीत. "माय, आधी माहा हात. माहं चामडं जाड हाय." दसऱ्याच्या सुमारास गोप्याचे दात नुसते टेकू लागले. दिवाळीच्या पाडव्याला त्याने उमेच्या तळहातावरचा लाडू ओठांनी उचलला. तिने तळहात उजेडात नेऊन मला दाखवला; त्यावर एकही ओरखडा नव्हता. काटोलला मी पत्र लिहिले, की बाग राखायला दुसरे कोणी पाहावे.

पुढे काही वर्षांनी यंत्रमागांपुढे त्यांचा माग बंद पडला. मुलीकडे कुहीला कायमचे राहायला जाताना ते सकाळीच निरोप घ्यायला आले. मी पूजेत होतो. मुकटा नेसूनच दारात गेलो. त्यांचा हात सवयीने माझ्या उपरण्याकडे आला आणि वाटेतच थांबला.

"सोवळ्यात हाय न तुमी," असे म्हणून त्यांनी तो खाली सोडला.

खाली आलेला तो हात गोप्याने तोंडात धरला. दात लागू न देता, मऊ, आणि सोडीना. बाहेरून रिक्षावाला ओरडला, "चला न बुवा, गाडी चुकन." पैकूजींनी हात ओढला नाही. "आता मीच त्याले शिकवलं," ते म्हणाले. "ढील द्या लागते." गोप्याने आपणहून सोडेपर्यंत ते तसेच उभे राहिले. उमेने पदर डोळ्यांना लावला. मी दोन हातांच्या अंतरावर हात जोडून उभा होतो.

वर्षाच्या आत त्यांच्या मुलीचे पत्र आले. पैकूजी गेले होते.

आज उमा नाही, गोप्या नाही. रोज सकाळी मुकटा नेसताना माझी बोटे ते रफू शोधतात. ते इतके एकजीव आहे की अजून सापडलेले नाही. त्या दिवशी दोन पावले पुढे होऊन मी त्यांचा हात हाती घेतला असता, तर काय झाले असते? पुन्हा एकदा स्नान करावे लागले असते, एवढेच.